न चाखता घेतलेला माउथपीस

अण्णा मयेकरांनी आयुष्यात कधी चप्पल पायात घालून विकत घेतली नाही. दुकानात जायचं, कमरेवर हात ठेवून मांडलेल्या जोड्यांकडे बघायचं आणि बोट दाखवून म्हणायचं, "ती बांधा." दुकानदार बिचारा म्हणायचा, "अण्णा, घालून तरी बघा." "कशास? पाय माझा, मला ठाऊक नाही?" मग पहिल्याच दिवशी अंगठा सोलून निघालेला असायचा. पण चूक चपलेची! "नवी आहे. तिला अजून पाय कळलेला नाही," असं सांगत पुढचे पंधरा दिवस अण्णा मांडवीच्या रस्त्याने लंगडत फिरायचे.

चष्म्याचंही तेच. फ्रेम लावून न बघता घेतली, त्यामुळे ती नाकावर कायम एका बाजूला कललेली. रंगीत टीव्ही घेतला तेव्हा दुकानदार चालू करून दाखवत होता, तर त्याचा हात धरला. "उगाच झिजवू नका, घरी बघेन."

मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. प्रयोग, निरीक्षण, अनुमान हे पोरांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली, आणि नशिबाने शेजार दिला तो हा असा. मी चिडायचो. अण्णा शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "चाखतो तो फसतो, मास्तर."

यामागे सिद्धांत होता, आणि तो आंब्यावरून काढलेला. "बाजारात बघा तुम्ही. गिऱ्हाईक म्हणतं, कापून दाखव. विकणारा पेटीतला सगळ्यात गोड आंबा कापतो. हा गाढव फोड चाटतो आणि आंबट पेटी उचलून घरी जातो. आपण देठाशी वास घ्यायचा. आंबा देठाशी खोटं बोलत नाही." आंब्याच्या बाबतीत अण्णा कधी फसले नाहीत, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. पण म्हणून तोच नियम चपलेला?

आता त्यांच्या वाद्याबद्दल सांगतो. अण्णा ऐन उमेदीत बोटीवर स्वयंपाकघरात होते. उतारूंच्या करमणुकीसाठी बोटीवर बँड असायचा. त्यातला एक म्हातारा गोरा अण्णांच्या हातच्या माशाच्या कालवणावर इतका खूश झाला, की त्याने त्यांना वाजवायला शिकवलं आणि निवृत्त होताना आपला बास क्लॅरिनेट त्यांच्या हवाली केला. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा त्याचा आजोबा. उभा केला तर छातीपर्यंत येतो, खाली चिलमीसारखं वाकडं तोंड, आणि आवाज असा खोल, की विहिरीत कुणीतरी गात बसलंय असं वाटावं. रोज तिन्हीसांजेला दिवा लागला की अण्णा ओटीवर बसून वाजवायचे. चाल वगैरे काही नाही. बहुतेक वेळा खालचे चार-पाच सूरच, लांबच लांब. आमच्याकडे त्याच वेळी पोरांचे पाढे चालायचे. अठ्ठावीस सक्कं अडुसष्टासे म्हणताना पोरगं त्या सुरात झोपी जायचं. मी किती वेळा सांगितलं, "अण्णा, निदान एखादं गाणं तरी वाजवा." ते नुसते हसायचे.

एका मे महिन्यात घात झाला. कोकणात मे महिन्यात जे जे ओलं असेल ते ते माणूस अंगणात वाळत घालतो. अण्णांकडे चटईवर आमसुलं होती, ताटांत फणसपोळी होती. अण्णांनी वाद्याचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तो काळा तुकडा, स्वच्छ धुतला आणि दिला ठेवून आमसुलांच्या रांगेत. तो कडक रबराचा. दुपारपर्यंत आमसुलं वाळली आणि माउथपीस वाकला. वाजवून बघितलं तर नुसती हवा. मी म्हटलं, "अण्णा, रबर उन्हात मऊ पडतं. मला विचारायचंत तरी!" त्यांनी तो तुकडा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला.

त्यानंतर अण्णा खरंच खंगले. जेवणावरची वासना गेली. तिन्हीसांजेला ओटीवर येऊन मुकं वाद्य मांडीवर घेऊन बसायचे. गावातल्या बँडवाल्याकडचा माउथपीस त्याला लहान. राजापूरपर्यंत चौकशी झाली. शेवटी मुंबईहून जुन्या वाद्यांच्या एका दुकानदाराचं कार्ड आलं: 'चार नग आहेत. यापुढे मिळण्याची आशा नाही. विकलेला माल परत घेणार नाही.' शाळेला सुट्टी होती. मी म्हटलं, मी येतो. एकटे गेले तर हे गृहस्थ लांबूनच बोट दाखवून म्हणणार, तो बांधा!

एस.टी.ने हाडं खिळखिळी करून आम्ही पोहोचलो. दुकानदार म्हातारा गोवेकर, अगदी सज्जन. त्याने चारही माउथपीस फडक्यावर मांडले, एक पत्ती, म्हणजे माउथपीसला बांधायची वेताची पातळ चिपटी, दिली आणि म्हणाला, "सावकाश फुंकून बघा. घाई नाही."

"तोंड लावून?" अण्णा दचकले.

"मग काय कानात घालून?" मी म्हटलं.

"आणि नाही जमला तर?"

"पुसून ठेवीन परत," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे माझं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात? छे, छे! काहीतरीच काय!"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अण्णा, हे चारही जुने आहेत. किती जणांनी तोंडात धरले असतील देव जाणे. उष्टेच आहेत ते!"

"त्यांनी आपले म्हणून धरले. आपलं असतं ते उष्टं नसतं, मास्तर. चव बघून टाकलं की उष्टं."



मग सुरू झाली परीक्षा. अण्णांनी एकेक माउथपीस सदऱ्यावर घासला आणि आंब्याचा घ्यावा तसा वास घेतला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. तिन्हींवरून हात फिरवून अण्णा चौथ्यापाशी थांबले. सगळ्यात जुनाट तोच. वरच्या बाजूला कुणाच्या तरी दातांचे दोन खोल खड्डे पडलेले.

"हा बांधा."

"अण्णा, बाकीचे नव्यासारखे आहेत! हा झिजलाय!"

"पोचे गेलेल्या टोपातला भात खाल्लात ना कधी? नव्या टोपात तसा होतो? ह्याला कुणीतरी जन्मभर धरलाय. असा-तसा असता तर धरला असता?"

दुकानदाराने पुन्हा बजावलं, परत घेणार नाही. अण्णांनी मान डोलावली. मी परतीच्या वाटेवर पोलादपूरपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. हा फुकट गेला तर दुसरा मिळणार नव्हता, आणि ते मुकं वाद्य मांडीवर घेऊन बसलेला माणूस मला रोज बघवत नव्हता, हे खरं कारण. पण रागावलेलं बरं पडतं.

आम्ही दुपारी घरी पोहोचलो. काकींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, आम्हा दोघांनाही जेवायला वाढलं. काकींना गेली काही वर्षं ऐकू येत नव्हतं. अण्णा त्यांच्याशी हातवारे करून बोलायचे. पूर्वी त्या घडाघडा बोलायच्या, पण आताशा गप्पगप्पच असायच्या. पान वाढून झालं की आपल्या आत निघून जायच्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी मुद्दाम ओटीवर जाऊन बसलो. 'सांगितलं होतं ना' हे वाक्य जिभेवर तयार होतं. माउथपीस सैल बसत होता, म्हणून अण्णांनी सांध्याला दोरा गुंडाळून मेण लावलं. पत्ती बांधली. फुंकलं. वरचा सूर लावला तर बदक चिरडल्यासारखा आवाज! मधले सूर लावले, तर नुसती फुसफुस.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

अण्णांनी पत्ती पुन्हा घट्ट बांधली. त्यांनी डोळे मिटले आणि थेट तळाचा सूर धरला.

तो लागला. असा लागला, की फळीवरची तांब्याची घागर घुमली आणि बाकाची फळी माझ्या मांडीखाली थरथरली. अण्णा तो सूर सोडेनात.

आतून पावलं वाजली. काकी ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात आल्या. मी बघतोय तर त्यांचा चेहरा उजळलेला. कितीतरी दिवसांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. अण्णांकडे बघून त्या म्हणाल्या, "आलात? केवढा उशीर हो!"

मला काही कळेना. आदल्या दिवशी त्यांनीच तर वाढलं होतं.

अण्णांनी तोंडातून माउथपीस काढला. "तिला बारीक काही ऐकू येत नाही, मास्तर. माझा आवाज नाही, तुमचा नाही. हा तळाचा सूर तेवढा पोहोचतो." मग त्यांनी काकींकडे बघून मान हलवली, आलो म्हणून, आणि पुन्हा तोच सूर धरला. काकी उंबऱ्यातच बसल्या. मी उठलो, घरी आलो आणि पोरांना म्हटलं, "आज पाढे नकोत."