मावशी खुर्चीवरून उठेनात

धाकट्या लेकीची सासरी पाठवणी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घर रिकामं झालं होतं आणि शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींना आता शाळा हेच घर उरलं होतं. पण ताठा केवढा! "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं त्या फरशीलासुद्धा ऐकवायच्या.

एका सकाळी हेडमास्तर हसत हसत आले. मावशींचा झाडू थांबला. हा माणूस हसतो कधी?

"मावशी, आज तुम्ही नुसतं बसायचं. झाडू आम्ही मारणार!"

"का हो? माझ्या झाडूत काय खोट निघाली?"

"काही नाही, गंमत आहे. दुपारी कळेल!"

गंमत! मावशींनी घंटा वाजवणाऱ्या टोल्याला कोपऱ्यात ओढलं. "मेल्या, आपल्यावाचून भागतं का ते बघतायत. भागलं की मिळाला नारळ!"

"पण मला तर त्यांनी स्वतः चहा करून दिला, मावशी."

"कापायच्या बकऱ्यालाही आधी पालाच घालतात!"

टोल्यानं हातातला चहा खाली ठेवला.

मावशींनी सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा खुर्चीवर ठेवला आणि त्यावर स्वतः बसल्या. भागवा म्हणावं आता!

बघता बघता अख्खी शाळा अंगणात आली. गणिताच्या बाई हातात झाडू घेऊन, पोरं पाठीवर दप्तरं घेऊन, हेडमास्तर बादली घेऊन सैरावैरा!

"मावशी, किल्ल्या कुठायत?"

"मला काय ठाऊक? मी आज नुसती बसलेय."

किल्ल्या चांगल्याच रुतत होत्या, पण मावशी ढिम्म. शेवटी हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "जाऊ दे. सत्कार इथेच उरकू. उठा, मावशी."

सत्कार? म्हणजे निरोपच की! मावशींनी खुर्चीचे हात गच्च धरले. "उठवत नाही हो. गुडघे धरलेत."

"अरेरे! मग तुम्हाला आता कायमचाच आराम..."

"कुणाचे गुडघे धरलेत?" मावशी ताडकन उभ्या राहिल्या आणि जुडगा खळ्ळकन खाली!

हेडमास्तरांनी जुडगा उचलला, सभागृह उघडलं आणि फळ्यावरचं फडकं ओढलं. पोरांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: "मावशी आणि टोल्यामामांशिवाय शाळा चालत नाही."

"हेच मी भाषणात पटवून देणार होतो," हेडमास्तर म्हणाले, "भाषणाचा त्रास वाचला माझा!"

सगळे हसले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. "म्हणजे उद्या कामावर यायचं ना?"

धाकट्या लेकीचा मुलगा पहिलीत गेला, त्या वर्षी एका रविवारी पहाटे मावशी झोपेतच वारल्या. सोमवारी शाळा उघडायला दुपार झाली. किल्ल्या त्यांच्या उशीखाली होत्या.