लिंबाजीची शेरवानी

गंगाखेडचं काम हातचं गेलं, त्या दिवशी बोरी गावचा लिंबाजी, लोकांचा लिंबा, जेवलाच नाही. झाडं छाटण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. देवळाच्या कळसाला खेटलेली फांदी त्यानं दोर लावून अशी उतरवली होती, की आतली घंटासुद्धा हलली नव्हती. पण गंगाखेडच्या मालकानं परभणीचा कोटवाला माणूस बोलावला. त्यानं फांदीबरोबर निम्मी भिंतही खाली आणली.

"अन् तरी मालक त्याला टेशनापतोर पोचवायला गेला!" लिंबाजी बन्सीधरकाकांपुढं कळवळून म्हणाला.

बन्सीधरकाका पूर्वी कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारे नकलनवीस होते. आता घरी बसून गावाला अक्कल वाटत. ते म्हणाले, "लिंबाजी, लोक हुन्नर मागून पाहतात, अगोदर रुबाब पाहतात. तू धोतर खोचून, कुऱ्हाड खांद्यावर टाकून जातोस. कोण विचारील तुला?"

त्यांनी आपली जुनी शेरवानी आणि गोंड्याची रुमी टोपी काढून दिली आणि शिकवण दिली: दारात गेल्याबरोबर बोलायचं नाही. झाडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या. वहीत काहीतरी लिहायचं. आणि दोर-कुऱ्हाड स्वतः उचलायची नाही. ती मागून येईल.

मागून आणणार कोण? अर्थात बायको, दगडाबाई.

पुढच्याच आठवड्यात पूर्ण्याच्या माणिकराव बागाईतदारांचा सांगावा आला. लेकीचं, सुमंगलाचं, लग्न उद्यावर आलेलं. अंगणात मांडव उभा आणि बरोबर त्यावर चिंचेची वाळलेली फांदी लोंबत होती. लिंबाजीचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, तोंड मात्र पाहिलेलं नव्हतं.

लिंबाजी शेरवानी घालून अंगणात शिरला. दगडाबाईला त्यानं फाटकाबाहेर थांबवलं. एक शब्द न बोलता चिंचेभोवती तीन फेऱ्या मारल्या, वही उघडली आणि तिच्यात रेघा ओढल्या. अक्षर त्याला एकही येत नव्हतं.

माणिकराव ओसरीवरून पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला. गेल्या साली सरकारी रस्त्याच्या कडेचा लिंब त्यांनी गुपचूप तोडला होता. जंगल खात्याचा साहेब आज ना उद्या येणार, ही धास्ती तेव्हापासून पोटात होती.

"या साहेब, तशरीफ ठेवा." त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. सरबत आलं. जन्मात पहिल्यांदा खुर्ची मिळालेला लिंबाजी हरखून गेला. रुबाबाची ही करामत!

"लिंबाचं कळलंय वाटतं तुमाला?" माणिकरावांनी हळूच विचारलं.

"लिंबाचं नाव तर आता पूर्ण्यापतोर झालंय की!" लिंबाजी छाती काढून म्हणाला.

माणिकरावांनी हातातलं तबक खाली ठेवून हात जोडले. "साहेब, चूक झाली. बैलगाडी वळत न्हवती म्हणून तोडला. उद्या लेकीचं लग्न हाय, आज काई कारवाई करू नका."

लिंबाजीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. खरं सांगावं, तर ह्यांनी गुन्हा कबूल केलेला; आता जोड्यानं मारतील. तो घाईनं म्हणाला, "कारवाई न्हाई. पर ती फांदी तेवढी तोडून घ्या."

"छे छे! तुमच्या समोर पानाला हात लावणार न्हाई. बोरीचा कुणी गडी येणार होता, आला की हाकलून देतो."

"आवो, आमची परवानगी हाय!"

"मग लेखी द्या, साहेब." माणिकरावांनी दौत-टाक पुढं ठेवला.

लिंबाजी टाक उलटसुलट करून पाहू लागला. वारं सुटलं होतं. फांदी मांडवावर करकरू लागली. तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं आणि दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन दगडाबाई आत आली.

"आवो, सरबत काय पीत बसलाव? वर कोण चढायचं, मी?"

"ही कोण?" माणिकराव उभे राहिले.

"मी ह्यांची बायको. ह्ये झाडं छाटत्यात, बोरीचे."

"नाव काय ह्याचं?"

दगडाबाईनं पदर सावरला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ, मालक? भाईर रस्त्याला मी ज्या खुंटावर बसले व्हते ना, त्येच्या झाडाचं नाव हाय."

माणिकराव लालेलाल झाले. पण फांदी पुन्हा करकरली आणि आतून सुमंगलाची आई ओरडली, "आदी मांडव वाचवा, मग भांडा!"

लिंबाजीनं शेरवानी खुर्चीवर टाकली, धोतर खोचलं आणि सरसर वर गेला. खाली दगडाबाईनं दोराला ढील दिली. तासाभरात फांदी तुकड्यातुकड्यानं उतरली. मांडवाच्या झालरीचं एक टोकही दुमडलं नाही. माणिकराव मान वर करून आ वासून पाहत राहिले.

लिंबाजी खाली उतरला, तसे ते जवळ आले. "लिंबाचं कुणाला बोलू नकोस."

"मालक, मी तर वर व्हतो. खालचं काई ऐकू आलं न्हाई."

माणिकराव घुटमळले. मग खुर्चीवरची शेरवानी उचलून त्यांनीच ती झटकली. "उद्या लग्नाला ही घालून ये. व्याही लय मोठ्या घरचे हायेत. आमच्याकडून एकतरी सरकारी माणूस मांडवात दिसू दे."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी पंगतीत अगदी वरच्या पाटावर बसला होता. शेजारी व्याह्यांचे चुलते होते. दोन घास होताच ते त्याच्या कानाशी लागले. "साहेब, आमच्या बांधावरच्या सागाचं जरा सांभाळून घ्या. एक फांदी तोडायची होती..."

लिंबाजीचा हात पानातच थांबला. त्यानं गंभीरपणे टोपी सावरली.

"घराकडं झुकलीय," त्यानं विचारलं, "का रस्त्याकडं?"