सोळा इंची चाकांची मोहीम

वाचक हुजुरांस विदित व्हावे की, तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थ, ज्यांस अवघी इमारत टर्बोराव म्हणत असे, यांनी आपले लहान गाडीस सोळा इंची अलॉय चाके कैसी चढविली आणि त्या मोहिमेत कोण कोठे उतरले, तो मजकूर घडला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही.

गाडी मूळची तेरा इंची चाकांची, स्वभावाने गरीब. अकरा वर्षे चालली, कधी कुरकुरली नाही. परंतु पार्किंगात शेजारियांची गाडी झगझगीत चाकांनिशी येऊन उभी राहिली आणि ते दिवसापासून टर्बोरावांस अन्न गोड लागेना. मग मसलत केली. मसलतीस स्वतः एकटेच हजर, सबब ठराव एकमुखाने मंजूर जाहला.

इतक्यात स्वयंपाकघरातून बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, माझे आईचा गुडघा बदलला आहे, शनिवारी इस्पितळातून घरी आणणे आहे, मागल्या सीटवर पाय लांब करून बसेल, तोवर गाडीस हात लावू नये. दुसरे कलम ऐसे की, गाडीचे काढलेले सामान घरात येता कामा नये. गॅलरीत आधीच एक बंपर, दोन आरसे आणि एक भोंगा तळ देऊन आहेत. टर्बोरावांनी दोन्ही कलमांस मान डोलाविली आणि शुक्रवारी सकाळीच कूच केले.

टायरवाले उस्ताद बहुत अनुभवी. त्यांनी उकिडवे बसून चाकावरील पोकळीत बोटे घातली आणि विचारिले, "साहेब, मागं माणसं बसतात का?"

"छे हो. आम्ही दोघंच."

यात लबाडी नव्हती. त्या घटकेस टर्बोरावांस सासूबाई खरोखरच आठवल्या नाहीत. मग जॅक लागला, जुनी चाके पाडाव जाहली, नवी चढली आणि रिकामी गाडी बाजारातून दोन फेरे मारून आली. जुने टायर उस्तादांनी ठेवून घेतले. चार लोखंडी रिंगा मात्र टर्बोरावांस टाकवेनात आणि घरात मनाई, म्हणोन त्या डिकीत दडविल्या.

शनिवारी सासूबाई मागे बसल्या, बाईसाहेबांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि टर्बोरावांनी गाडी हाकारिली. पहिल्या गतिरोधकावर मागून खर्रर्र आवाज उठला. सासूबाईंनी ओठ आवळले. दुसऱ्यावर चाके पत्र्यास भिडली, रबर जळल्याचा वास सुटला आणि गुडघ्यास ऐसा हिसका बसला की सासूबाई कळवळल्या.

"जावईबापू, टाके डॉक्टरांनी घातलेत. काढायचं कामही त्यांनाच करू द्या की!"

बाईसाहेबांनी गाडी थांबवविली, उतरल्या आणि डिकी उघडली.

"अहो, हे काय?"

"रिंगा. घरात नको म्हणालीस ना."

"उतरवा."

रिंगा पदपथावर उतरल्या. मग टर्बोराव स्टिअरिंगाकडे निघाले आणि चार पावलांवर थबकले. मागे वळून पाहिले. रिंगा बेवारस टाकून जाणे त्यांचे जिवावर आले. बाईसाहेबांनी सोळा वर्षांच्या संसारात हा चेहरा पुष्कळदा पाहिला होता. त्यांनी सासूबाईंचे पायाखाली उशी सारिली आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. बसा राखण करत."

सासूबाईंनी खिडकीतून कपड्यांची बॅग बाहेर दिली. "ही पण असू द्या. तेवढंच ओझं कमी."

गाडी निघाली. तिसरा गतिरोधक आला आणि गेला, आवाज म्हणोन जाहला नाही. टर्बोराव रिंगा एकावर एक रचून त्यांवर बैसले, बॅग मांडीवर घेतली आणि जाणाऱ्या गाडीकडे पाहात राहिले. आजवर ती नवी चाके त्यांनी उभीच पाहिली होती. गाडीत बसणारास आपली चाके फिरताना दिसत नाहीत, ही गोष्ट मसलतीत कोणी मांडिली नव्हती. उन्हात फार देखणी दिसत होती.

येणेप्रमाणे शनिवारी, सकाळी साडेअकराचे सुमारास, मोहीम फत्ते जाहली. चाके घरी पावली, सासूबाई सुखरूप, धनी वाटेत. नोंद असावी.