पेशकारसाबांची अमानत

आमच्या शेजारचे शिवलिंगप्पा पेशकार रोज सकाळी लिंगपूजा आटोपत, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढत आणि मग ओसरीत पाटावर बसून एका म्हाताऱ्या कोंबडीच्या गळ्याला एरंडेल चोळत. चोळून झालं की पुन्हा आंघोळ. थंडीच्या दिवसांतही दोन आंघोळी चुकल्या नाहीत. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरणारा हा माणूस, आणि त्याच्या ओसरीत कोंबडी.

मी उमरग्याला शाळेत बदलून आलो ते निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. पेशकारसाब तेव्हा नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढं कागद ठेवणारा आणि त्याचा हुकूम उतरवून घेणारा माणूस. त्या जागेवर बसून कुणाच्या चहालासुद्धा न शिवलेले म्हणून त्यांची ख्याती होती. लोक त्यांना मानत आणि टाळत. कारण काहीही बोलायला जा, ते म्हणत, "कायद्यात दाखवा." दूधवाल्यानं दुधात पाणी नाही म्हणून शपथ घेतली तरी, "शपथ राहू द्या, कायद्यात दाखवा."

कोंबडीची हकीकत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. नोकरीत असताना एका सकाळी दार उघडलं, तर कडीला सुताच्या दोरीनं ही बांधलेली. माणूस गायब. कचेरीत कुणाचं तरी काम झालं होतं किंवा व्हायचं होतं, त्याचा हा नजराणा. पेशकारसाब संतापले. परत करावी तर कुणाला? त्यांनी गावात दवंडी पिटवली, की पेशकाराच्या दारी कोंबडी बांधणाऱ्यानं खूण पटवून ती घेऊन जावी. कोण येणार? खूण पटवली की लाच दिल्याची कबुली. कुणी आलं नाही.

"मग काय करणार मास्तर? विकली तर मी खाल्ल्यासारखं. सोडून दिली तर कुत्रं खाणार, म्हणजे नुकसान मालकाचं. चीज आपली नाही. अमानत आहे. मालक येईस्तोवर सांभाळायची."

म्हणून तिचं नाव अमानत. पलीकडच्या घरात हमीदाखाला राहत. त्यांच्याकडं पंधरा-वीस कोंबड्या होत्या. त्या हिला अमानतबी म्हणत. हिनं अंडं घातलं की पेशकारसाब ते चिमट्यात धरून, हात लांब करून, हमीदाखालांच्या उंबऱ्यावर ठेवून येत. या प्रकारावरून त्यांच्या घरी येणाऱ्या जंगमस्वामींनी एकदा विचारलं, की घरात कोंबडी राहणार की मी जेवणार? पेशकारसाब म्हणाले, "स्वामी, तुम्ही माझे आहात. ती दुसऱ्याची आहे. दुसऱ्याच्या चीजेला मी बाहेर कसा काढू?" स्वामी वर्षभर आले नाहीत.

मी पाहिली तेव्हा अमानत म्हातारीच होती. अंडी कधीच थांबली होती. पायांवर खपल्या धरलेल्या, एका डोळ्यावर पांढुरका पडदा, म्हणजे सारा आलेला. पुढं तिच्या गळ्याखालची पिशवी फुगून घट्ट झाली. खाल्लेलं उतरेना. ती मान वाकडी करून कोपऱ्यात उभी राहायला लागली. हमीदाखालांनी भिंतीवरून पाहून सांगितलं, "पेशकारसाब, ये बचती नै. अब हलाल करके छुट्टी करो."

"खाला, अमानत में खयानत नहीं होती," एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनाच विचारून आले, की एरंडेल कसं पाजायचं आणि पिशवी कशी चोळायची.

त्याआधी ते ढोरांच्या दवाखान्यात जाऊन आले होते. मी सोबत होतो, कारण कोंबडीची पाटी धरायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "इथं बैल, घोडे, म्हशी बघतो आम्ही. कोंबडीचा इलाज करत नाही."

पेशकारसाबांनी पाटी टेबलावर ठेवली. "कोंबडी जनावर नाही, असं कायद्यात दाखवा."

डॉक्टरनं इकडं तिकडं पाहिलं. मागं बैल घेऊन आलेली माणसं हसायला लागली होती. शेवटी त्यांनी कोंबडीला हात लावला, पिशवी दाबली आणि म्हणाले, "वय झालंय हिचं. त्याला औषध नाही."

"वयावर नका देऊ. गळ्यावर द्या," पेशकारसाब म्हणाले.

डॉक्टरनं पायाच्या खपल्यांना लावायला कसलंसं तेल दिलं. ते पेशकारसाबांनी महिनाभर कापसाच्या बोळ्यानं लावलं.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. पेशकारसाब सगळ्यांशी कचेरीच्या उर्दूमिश्रित मराठीत बोलत, पण कोंबडीशी कानडीत. "स्वल्प तिन्नव्वा" हे तर मलाही पाठ झालं होतं, म्हणजे थोडं खा गं बाई. पण पिशवी चोळताना ते बराच वेळ हळू आवाजात बोलत राहायचे. माझी बायको अक्कलकोटकडची, तिला कानडी येतं. मी एकदा विचारलं, काय एवढं सांगतात?

"काही न्हाई," ती म्हणाली. "बाजारात कोण भेटलं, सोलापूरहून लेकीचं पत्र आलं, रात्री गुडघा दुखला. घरच्या माणसाला सांगतात तसलं."

त्यांची बायको गंगव्वा आळंदकडची, कानडी मुलखातली होती. तिला मराठी कधी नीट आलं नाही. ती वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

मग गडबडीचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं माणसं बैलगाड्या जुंपून सोलापूरच्या हद्दीत जाऊ लागली. आम्हीही निघालो. पेशकारसाबांना लेकीनं दोनदा निरोप धाडला होता. जावई स्वतः न्यायला आला. पेशकारसाब त्याला म्हणाले, "हिला गाडीचे हिसके सोसत नाहीत." जावयाला वाटलं, घरात कुणी आजारी बाईमाणूस आहे. खरं काय ते कळल्यावर तो न जेवता परत गेला.

आम्ही चार महिन्यांनी परतलो तेव्हा निजामाचं राज्य संपलं होतं. पेशकारसाब ओसरीतच होते, गालफडं बसलेली. कोंबडी त्यांच्या मांडीवर होती. आम्ही नसताना काय झालं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. हमीदाखालांनी सांगितलं. आधी रझाकारांपैकी कुणी पेशकारसाबांच्या दाराशी येऊ नये म्हणून त्या उंबऱ्यात बसून राहायच्या, आणि राज्य गेल्यावर सूड घ्यायला निघालेलं कुणी खालांच्या दाराशी येऊ नये म्हणून पेशकारसाब बसून राहिले. कोंबडी दोन्ही वेळा सोबतीला होती.

आणि मग एका दुपारी मालकीण आली.

साठीची बाई, उन्हातून चालून आलेली, हातात रिकामी दुरडी. मी आणि पेशकारसाब ओसरीत बसलो होतो. तिनं पायरीखालीच बसून पदर सारखा केला.

"म्या कोंडाबाई. माकणीची. तुमच्या दारी कोंबडी बांधली हुती ती आमच्या मालकानं. शेताचा कागद तुमी बिनबोभाट करून दिला, म्हून."

पेशकारसाबांनी मांडीवरच्या कोंबडीला जवळ ओढलं.

"दवंडी ऐकली हुती आमी. पर भ्यालो. धरून नेतील म्हनून आलो न्हाय. आता त्ये राज्यच ऱ्हायलं न्हाय." तिनं दुरडी बाजूला ठेवली. "मालक गेले औंदा. जाताना म्हनले, पेशकारसाबानं कोंबडी खाल्ली न्हाय म्हनं, सांभाळलीया. आपल्यापायी त्यांच्या घराला ताप नको. घिऊन ये तिला."

इतकी वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो समोर होता. मला वाटलं, आता पेशकारसाब उठतील, कोंबडी उचलतील आणि सुटकेचा श्वास टाकतील.

"खूण?" त्यांनी विचारलं. आवाज कचेरीतलाच होता.

"डाव्या पायाचं एक बोट न्हाय तिला. पिल्लू असतानाच मुंगसानं तोडलं."

मी कोंबडीकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तेल लावताना त्या तुटलेल्या बोटाची जागा मी कितीदा तरी पाहिली होती.

पेशकारसाबांनी मांडीवरच्या धोतराचा सोगा सावकाश ओढून कोंबडीच्या पायांवर घेतला. "तुमची कोंबडी मेली, बाई," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. ही दुसरी आहे."

एवढा वेळ ते माझ्याकडं बघत नव्हते. नंतरही बघितलं नाही.

कोंडाबाईनं कोंबडीकडं पाहिलं, त्या तुऱ्याकडं, त्या सारा आलेल्या डोळ्याकडं. मग धोतराखाली झाकलेल्या पायांकडं. तिची नजर तिथं थोडा वेळ थांबली.

"व्हय का," ती म्हणाली. "मग माजंच चुकलं."

पेशकारसाबांनी तिला पाणी दिलं, गूळ दिला. ती पाणी प्याली, दुरडी उचलून उठली. पायरीवरून उतरताना वळली.

"ही दुसरी हाय म्हना. पर हिला ताकात भिजवलेल्या कण्या घालत जावा. आमची ती म्हातारपणी दुसरं काय खाल्ली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पेशकारसाब उभे होते, हातात वाटी. शेजारी राहून इतके दिवस झाले, पण त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "थोडं ताक असेल का? आंबट नको."

माझ्या बायकोनं वाटी भरून दिली. वाटी दोन्ही हातांत धरून, ताक हिंदकळू न देता, ते हळूहळू आपल्या ओसरीकडं गेले.