लाल रेघेचे दूध

सन १९९५च्या जून महिन्यात कुंडलच्या पुढे दोन मैलांवर असलेल्या वांगरवाडीच्या हायस्कुलात एक परिपत्रक आले. ‘करून पाहा’ या उपक्रमांतर्गत इयत्ता नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परिसरातील एका समस्येवर स्वतःच्या हाताने चालते उपकरण तयार करावे, असे त्यात म्हटले होते. शाळेला अशा परिपत्रकांची सवय होती. मुख्याध्यापकांच्या कपाटात थर्माकोलचा ज्वालामुखी कायम तयार असे. दरवर्षी त्याला नवा रंग आणि नवा विद्यार्थी मिळत असे.

या वर्षी मात्र घोटाळा झाला. विज्ञानाचे शिक्षक बिराप्पा हजारे नोकरीत नवीन होते. त्यांनी परिपत्रक शेवटपर्यंत वाचले, आणि वर ते मुलांनाही वाचून दाखवले.

नववीतल्या आम्रपाली कांबळेने ते मनावर घेतले. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर होते, आणि आई हरणाबाईने दोन म्हशी पाळल्या होत्या. आम्रपालीने काचेची एक बारीक परीक्षानळी घेतली, तळाशी सायकलचे छर्रे घालून ते मेणाने पक्के केले आणि आत आलेखाच्या कागदाची पट्टी सरकवून वर टोपी बसवली. निर्भेळ दुधात ही नळी उंच तरंगे, पाणी मिसळले की खाली बुडे. आईने समोर पिळलेल्या दुधात नळी जिथवर बुडाली, तिथे तिने पट्टीवर निळी रेघ मारली. मग एकेक पेला पाणी घालून पुढच्या खुणा केल्या. आठ दिवस ती हेच करत होती. नवव्या दिवशी हरणाबाई म्हणाली, “बाई, तुजं विज्ञान म्हशीला परवडंना झालंय.”

उपकरणाची पहिली चाचणी शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या दुधावर झाली. नळी ‘चारात एक पेला पाणी’ या खुणेपर्यंत बुडाली. दूध मुख्याध्यापकांच्या घरचे होते. मुख्याध्यापकांनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि हवेत गारवा असल्याचे मत नोंदवले. पण पोरांना आता गंमत वाटू लागली होती. आठवडाभरात ती अकरा घरचे दूध घेऊन आली. अकराही वेळा नळी बुडाली. पोरीने गावाला नळी लावली, अशी तक्रार पारावर होऊ लागली.

ऑगस्टमध्ये तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन भरले. प्रमुख पाहुणे होते परिसरातल्या दूध संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब. ज्वालामुखी पाहून ते आम्रपालीच्या टेबलापाशी आले. नळीची माहिती ऐकून त्यांना कौतुक वाटले. “आमच्या संस्थेचं दूध आणा रं,” ते म्हणाले. “बघू तरी पोरीची करामत.”

कॅन आला. नळी बुडाली. इतकी बुडाली, की तिची फक्त टोपी वर दिसत राहिली.

आप्पासाहेब रागावले नाहीत. मोठी माणसे अशी रागावत नसतात. त्यांनी आम्रपालीच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरगी लय हुशार हाय,” ते म्हणाले. “नळीला तेवढं बरं न्हाई.”

लगेच त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. तीत भूगोलाचे शिक्षक, चित्रकलेचे शिक्षक आणि संस्थेचे सचिव होते. समितीने शास्त्रीय दृष्टिकोन सोडला नाही. अहवालात म्हटले होते की, विज्ञान निरीक्षणावर चालते. मुख्याध्यापकांचे घर, गावातील अकरा घरे आणि संस्था, अशा तेरा ठिकाणी दूध एकसारखे आढळले आहे. केवळ दोन म्हशींचे दूध वेगळे आहे. सबब बहुमताच्या दुधास निर्भेळ समजून त्यानुसार नळीवर नवी रेघ मारावी. रेघ लाल असावी.

बिराप्पा सरांना बोलावून समज देण्यात आली. रेघ बदलली तर उपकरण जिल्ह्याला जाईल, न बदलली तर सर बदलीवर दुष्काळी जतला जातील, इतके ते सोपे होते. सरांचे लग्न दिवाळीनंतर ठरले होते, आणि मुलगी विट्याची होती.

संध्याकाळी त्यांनी आम्रपालीला प्रयोगशाळेत थांबवून घेतले. बराच वेळ ते बर्नर पुसत राहिले.

“एक रेघ मारायची आहे, आम्रपाली.”

“सर, तुमीच शिकवलंत, पाणी मिसळलं की नळी बुडती.”

“ते खरंच आहे.”

“मग?”

“मग काही नाही. ते परीक्षेत तसंच लिही.”

आम्रपालीने पट्टी बाहेर काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. “रेघ तुमी मारा, सर. माज्या हातानं न्हाई व्हायची.”

सरांनी लाल पेन घेतले. फळ्यावर नेहमी सरळ रेघा मारणाऱ्या त्या माणसाची ही रेघ जराशी वाकडी आली. आम्रपाली दाराकडे तोंड करून उभी होती.

नोव्हेंबरात सांगलीला, विश्रामबागेत भरलेल्या जिल्हा प्रदर्शनात उपकरणाला पहिले बक्षीस मिळाले. स्वतः आप्पासाहेबांच्या हस्ते ढाल देण्यात आली. फोटोवाला तिला तीनदा हस म्हणाला, आणि शेवटी त्याने तसाच फोटो काढला. मग उपक्रमाचा विस्तार झाला. नववीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने चाळीस नळ्या तयार केल्या, आणि दूध घेणाऱ्या प्रत्येक केंद्रावर एकेक प्रमाणित नळी पोचली.

दुसऱ्या दिवशी वांगरवाडीच्या केंद्रावरून हरणाबाईचे दूध परत आले.

केंद्रावरच्या केरबाने नळी दाखवली. लाल रेघ दुधाच्या बरीच वर राहिली होती. “वैनी, दूध लय जड हाय,” तो म्हणाला. “पीठ न्हाईतर साकर, कायतरी घातलंय ह्यात.”

“माज्या म्हशीनं घातलंय,” हरणाबाई म्हणाली. “तिलाच इचार.”

“मी काय करू? नळी तुमच्याच पोरीची हाय.” मग आवाज खाली आणून त्याने सल्ला दिला, “तांब्याभर पाणी घाला. रेघंला आलं की झालं.”

तीन दिवस दूध परत आले. चौथ्या दिवशी हरणाबाईने केंद्राची वाटच सोडली. म्हशीला खोटे पाडून तिला त्या केंद्रावर जायचे नव्हते. “शिकल्याली माणसं आसतील तितं घालू,” ती म्हणाली. नवऱ्याच्या पहिल्या गाडीने मायलेकी सांगलीला, विश्रामबागेच्या एका कॉलनीत दूध घालू लागल्या. तिथे सदतीस घरे होती आणि सगळी सुशिक्षित होती. पहिल्या घरी रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहत होते. आम्रपालीला फार बरे वाटले.

आठवड्याने प्राध्यापकांनी तिला दारातच थांबवले.

“काय गं, काय घालता यात? चहा जड होतो. साय बोटभर येते. म्हशीचा वाससुद्धा येतो.”

“म्हशीचंच हाय, सर. काय घातलं न्हाई, म्हणून येतो वास.”

आत जाऊन त्यांनी प्रमाणित नळी आणली. जिल्हा प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून त्यांना ती भेट मिळाली होती. दुधात सोडताच लाल रेघ वर राहिली. प्राध्यापकांनी चष्म्यातून आम्रपालीकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, निराशा होती. एवढ्या गुणी मुलीकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती.

आम्रपालीने आईकडे पाहिले. हरणाबाईचे ओठ घट्ट मिटले होते, पण उरलेली छत्तीस घरे व्हायची होती आणि परतीची गाडी सव्वाआठला होती. तिने मान डोलावली.

“सर, जरा तांब्याभर पाणी देता?” आम्रपाली म्हणाली.

प्राध्यापकांनी स्वतःच्या नळाचे पाणी आणून दिले. तिने ते त्यांच्यासमोर, त्यांच्याच पातेल्यात ओतले. नळी हळूहळू खाली आली आणि रेघेवर थांबली.

“बघ,” प्राध्यापक समाधानाने म्हणाले. “आता कसं शुद्ध झालं.”

त्या दिवसापासून सदतीस घरांतली माणसे सकाळी पातेल्याबरोबर तांब्याही घेऊन दारात उभी राहू लागली. दुधाबद्दल पुन्हा तक्रार आली नाही.

हे वाचताना आपल्या हातात चहा असेल. तो जड वाटत नसेल, त्यावर साय येत नसेल आणि चव रोजचीच असेल, तर आपण निश्चिंत राहावे. आपले दूध प्रमाणित आहे.