डाव्या हाताचा वर्ग

पूर्णेला स्टेशनामागच्या गल्लीत रुख्मिणीबाईंचा टायपिंगचा वर्ग होता. नियम एकच, मशीनकडं बघायचं नाही. तरीही पोरी चोरून खाली बघतात म्हणून बाईंनी सगळ्या मशीनच्या बटणांवर काळा रंग फासला होता. अक्षरच दिसेना, तर बघणार काय?

शनिवारी मारुतीच्या पायरीवर सांडलेल्या तेलावरून बाई घसरल्या आणि उजवा हात प्लास्टर होऊन गळ्यात आला. तेल देवाला वाहिलेलं, रागवायचं तरी कुणावर? त्यातच निरोप आला, की वर्गाची मान्यता तपासायला साहेब येणार, बाईंनी स्वतः टाइप करून दाखवायचं. मान्यता गेली तर पोरींना परभणी गाठावी लागली असती, आणि रोज आगगाडीनं तिकडं त्यांना कुणी धाडलं नसतं.

बाई डाव्या हातानं बसल्या. तो हात उजव्या बाजूला गेला, की परगावच्या पाहुण्यासारखा चाचपडायचा. खाली बघावं तर सगळं काळंच.

"सरजा, 'म' कुठंय गं?"

शेजारच्या मशीनवरच्या सरजानं डोळे मिटले, हवेत बोटं नाचवली आणि अडखळली. "बोटाला ठाव हाय बाई. तोंडाला न्हाई."

"रॉकेलनं रंग पुसून काढू का?" बाईंचे यजमान बन्सीधरराव म्हणाले.

"मग पोरी बघतील."

"अन् साहेब येणार त्याचं?"

"साहेब एक दिवस येणार. पोरी रोज येतात."

आठवडाभर बाई पोरींसमोर बसून एका हातानं गिरवत राहिल्या.

साहेब आले. बाईंचा मजकूर बिनचूक उतरला, पण सावकाश. साहेबांनी मान हलवली. "वेग कमी पडतो, बाई. आता मुलींचं बघू."

मशीन खडखडायला लागल्या. बाईंनी वळून बघितलं. एकूण एक पोरीचा उजवा हात मांडीवर होता.

"हे असं शिकवता तुम्ही?" साहेब म्हणाले.

"मी नाही शिकवलं, साहेब. बायना, दोन्ही हातांनी कर."

बायनानं आधी बाईंकडं बघितलं, मग उजवा हात उचलला. बघता बघता कागद भरला. नजर मजकुरावरून हलली नाही. साहेब वाकले, काळी बटणं न्याहाळली, खुर्ची ओढून बसले आणि मान्यतेवर सही करूनच उठले.

ते गेल्यावर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "वर्ग बुडाला असता गं. हात मांडीवर कशाला ठेवले?"

"तुमचा हात गळ्यात," बायना मान खाली घालून म्हणाली, "अन् आमी दोन-दोन चालवायचे? बरं दिसतं का, बाई?"