केम्पिर-अरालची भरती

पर्यटन म्हणजे काय, हे आमच्या केम्पिर-अरालमध्ये फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस मी. हे मी भर जेवणावळीत गावच्या अकिमना सांगितलं. अकिम म्हणजे गावाचा कारभार बघणारे सेयिलखान, आमचे सेके. हाडावरचं मांस सोडवता सोडवता ते म्हणाले, "मग आण ना, ऊतेगेन, दोनचार पाहुणे. त्यात एखादा पैसेवाला असला तर बघ." मी म्हणालो, "आणतो. उन्हाळ्यात पाहुण्यांना गाद्या पुरल्या नाहीत तर मला बोल लावू नका." उंटिणीचं आंबवलेलं दूध पोटात गेलं की मला अशी वाक्यं सुचतात.

पण मी अगदीच हवेत बोलत नव्हतो. अराल म्हणजे बेट आणि केम्पिर म्हणजे म्हातारी. म्हातारीचं बेट! शहरातल्या माणसाला बेट म्हटलं की झोप लागत नाही. आता बेटाच्या चारी बाजूंना पाणी नाही, हा काही बेटाचा दोष नव्हे. बेट जिथल्या तिथे आहे, पाणीच उठून गेलं.

खरं तर मला पर्यटनाचा पुळका आला तो घरच्या भांडणामुळे. माझी बायको कुन्सुलू हिच्या बहिणीनं किझिलोर्दा शहरात आमच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. कुन्सुलूनं ट्रंक भरून दारात ठेवली होती. "विहिरीचं पाणी खारट, शाळा चौथीपर्यंत, पोरगी मावशीकडे वाढतेय. इथं राहून करायचं काय?" असं ती रोज विचारायची, आणि तिचं एकही वाक्य खोडता यायचं नाही. आई मात्र हलायला तयार नव्हती. तिचं नाव उल्बोसिन, पण सगळं गाव तिला आपा म्हणतं. ती म्हणायची, "समुद्र परत आला आणि घरी कुणी नसलं तर? बरं दिसेल का ते?" या दोघींच्या मधे मी. गावात पाहुणे आले, चार पैसे आले, तर कुन्सुलू थांबेल आणि आपाला उठावं लागणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. नाहीतर घर फुटणार हे दिसतच होतं.

मी मासळीच्या जुन्या गोदामातल्या तीन खोल्यांना निळा रंग दिला आणि फोनवरून जाहिरात टाकली: 'बेटावरचं गाव. शांतता, उंट, गाढ झोप.' सोबत वडिलांच्या तरुणपणचा फोटो जोडला. त्यात ते होडीत उभे आहेत आणि मागे निळंशार पाणी आहे. फोटो जुना आहे असं लिहायचं राहून गेलं.

तीन आठवडे कुणी विचारलं नाही. मग एक दिवस मी उंट शोधायला गेलो असताना फोन वाजला आणि तो आपानं उचलला. पलीकडे अक्बोता नावाची मुलगी होती. अल्माटीची, दुभाषी. कोरियातले एक प्यो साहेब गुंतवणुकीला जागा शोधत होते, त्यांच्यासाठी ती चौकशी करत होती. तिनं विचारलं, "आपा, समुद्र आहे ना तिथं?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. समुद्र आटला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. तोंडातून अभद्र काढल्यासारखं वाटतं. घरातलं माणूस कामाला गेलं की जसं म्हणतात, तसंच म्हणतात. आपा म्हणाली, "बाहेर गेलाय गं. येईल."

"कधी येईल?"

"यायचा तेव्हा येईल. तुम्ही या तर खरं. चहा घ्या."

अक्बोतानं हे जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. प्यो साहेबांनी मांडीवर थाप मारली. ओहोटी! त्यांच्या देशात समुद्र रोज असाच बाहेर जातो आणि वेळ झाली की घरी येतो. ओहोटी लागली की मागे जो चिखल उरतो त्यात लोळायला तिथं माणसं दुरून येतात, आणि तोच साहेबांचा धंदा होता. आमच्या समुद्राला भरती-ओहोटी कधी नव्हतीच. तो एकदाच गेला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की पाण्यातला कुणी मोठा माणूस येतोय, आणि मी ते तसंच गावभर सांगितलं.

एप्रिलच्या एका सकाळी त्यांची जीप आली. बर्फ नुकतंच वितळलं होतं, त्यामुळे समुद्राच्या तळाशी झकास चिखल होता आणि त्यात गावचे उंट चरायचं निमित्त काढून फिरत होते. जुन्या होड्या कलंडून पडल्या होत्या. साहेबांच्या गावी ओहोटीला गाडीनं बेटावर जाता येतं म्हणे, त्यामुळे आपण समुद्राच्या तळावरून आलो याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मानाच्या पाहुण्याला देतात तसं आम्ही त्यांच्यापुढे मेंढीचं शिजवलेलं डोकं ठेवलं. त्यांनी उठून त्याला वाकून नमस्कार केला आणि कान खाल्ला. माणूस सभ्य होता.

जेवण झाल्यावर आम्ही त्यांना जुन्या धक्क्यावर नेलं. साहेबांनी खाली उतरून चिखल बोटांत चोळला, हुंगला, गालाला लावला. मग हसत अक्बोताला काहीतरी विचारलं. ते त्यांच्या भाषेत 'भरती कधी?' असं होतं. पण अक्बोता डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली पोरगी. भरती ही गोष्टच तिला ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "साहेब विचारतात, पाणी परत कधी येणार?"

सेकेंनी खाकरून घसा साफ केला. उत्तरेकडे पाणी अडवणाऱ्या धरणाची भिंत उंच होणार आणि पाणी आमच्यापर्यंत येणार, हे ते प्रत्येक बैठकीत ऐकून येतात. ते म्हणाले, "वरच्या लोकांनी लवकरच म्हटलंय."

अक्बोतानं ते पोचवलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, क्षितिजाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते भराभरा बोलले. अक्बोता आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "साहेब म्हणतात, पाणी येणार असेल तर आधी ते उंट बाजूला घ्या. बुडतील."

धक्क्यावरचे सगळे उंटांकडे बघू लागले. मग सेकेंनी हळू आवाजात मला विचारलं, "ऊतेगेन, हा माणूस पाण्यातला जाणकार आहे ना?"

"तसंच कळलंय," मी म्हणालो.

"मग बघतोस काय? उंट हाक."

तुम्ही म्हणाल, शहाणीसुरती माणसं तुम्ही, असं कसं मानलंत? तर ऐका. ते धरण झाल्यावर उत्तरेकडच्या गावांत पाणी आलं तेव्हा तेही कुणाला खरं वाटलं नव्हतं. पुष्कळ वर्षं लागतील असं म्हणत होते आणि ते बघता बघता आलं. मी स्वतः मासळी आणायला त्या नव्या किनाऱ्यापर्यंत जीप घेऊन जातो, दिवस मोडतो त्यात. पाणी किती लांब आहे हे गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि तरी मी उंट हाकायला धावलो.

तासाभरात गाव उलथंपालथं झालं. सेकेंनी सगळ्यांच्या फोनवर निरोप टाकला: 'जनावरं वर घ्या, पाणी येतंय, परदेशी जाणकारांचा सल्ला.' म्हाताऱ्यांनी होड्या सरळ करून दोरानं बांधल्या. कुणी जाळं बाहेर काढलं, त्यात उंदरांचं घरटं निघालं. पाणी आलं की उधळायला बायकांनी गोळ्या-मिठाई ओंजळीत घेतली. शेजारच्या गावातून मोटरसायकली आल्या. आपानं ठेवणीतला पांढरा किमेशेक डोक्याला गुंडाळला. तो ती फक्त लग्नकार्यात बांधते.

मी घरी डोकावलो तर कुन्सुलू ट्रंक रिकामी करत होती. पडदे परत लावले होते. बाकीचे कपडे हवा खायला दोरीवर टाकले होते.

"बहिणीला फोन केला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, खोल्या दुसऱ्या कुणाला दे."

"अगं, जरा थांबायचं होतंस."

"अहो, आजपर्यंत तुम्ही मला थांब थांब म्हणत होतात. आता थांबतेय, तर थांब म्हणता?"

तिचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतर बघितला नव्हता. मला आत कुठंतरी भीती वाटली.

दुपार कलली तेव्हा सगळं गाव धक्क्यावर होतं. प्यो साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वाटलं, एवढी माणसं रोजची भरती बघायला नटूनथटून येतात म्हणजे जागा भलतीच चालणार. आम्हाला वाटलं, जाणकार माणूस खुर्ची टाकून बसलाय म्हणजे पाणी नक्की येणार. ते आमच्याकडे बघून निश्चिंत होत होते आणि आम्ही त्यांच्याकडे बघून.

आणि मग क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसली.

साहेब ताडकन उठले आणि बोट दाखवून ओरडले. बायकांनी मिठाई उधळली. कुन्सुलूनं माझा दंड धरला. ती रेघ जाड होत गेली, फेसासारखी उसळत आमच्याकडे येऊ लागली. आपा धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली, एकेक पायरी, हात पुढे करून, जसं पाहुण्याला सामोरं जातात तशी.

तो मिठाचा वारा होता. समुद्राच्या तळावरचं मीठ उडवत दर वर्षी येतो. आमची पोरं तो ओळखायला बोलायच्या आधी शिकतात. आणि त्या दिवशी अख्ख्या गावातल्या एकालाही तो ओळखू आला नाही, हे मला अजून सहन होत नाही.

क्षणात सगळं पांढरं झालं. डोळे चुरचुरायला लागले. आपाला मी पायऱ्यांवरून उचलून आणलं, ती खोकत होती. माणसं हाताला लागेल त्याला धरून घरी गेली. दोरीवरचे कपडे कडक होऊन उभ्याउभ्या वाजत होते.

वारा थांबल्यावर साहेब आमच्या घरी आले. भुवयांवर मीठ होतं. "भरतीला उशीर झाला का?" त्यांनी विचारलं. अक्बोतानं ते आपल्या परीनं सांगितलं.

आपा म्हणाली, "उशीर कसला? ऊतेगेन रांगत होता तेव्हा गेला तो."

अक्बोतानं माझ्या पिकलेल्या दाढीकडे बघितलं आणि मग साहेबांना सांगितलं. साहेबांनी कागदावर चंद्र काढला, बाण काढले, पाणी वर-खाली दाखवलं. आता कुठे अक्बोताला भरती कळली. ती आम्हाला समजावता समजावता रडायलाच लागली. साहेब उठले आणि मेंढीच्या डोक्यापुढे वाकले होते त्याहून खाली आपापुढे वाकले.

आपा भिंतीशी बसून राहिली. चहा तसाच निवला.

सकाळी साहेब परत आले, सोबत सेके. सेकेंचा चेहरा फुलला होता. म्हणाले, "ऊतेगेन, जिंकलास. साहेब पैसा घालायला तयार आहेत."

"कशात? चिखलात?"

अक्बोता हळूच म्हणाली, "ऊतेगेन-आगा, साहेब म्हणतात की त्यांनी जन्मभर भरत्या बघितल्या, पण भरतीची अशी वाट बघणारी माणसं कधी बघितली नाहीत. हे बघायला लोक कुठूनही येतील. तुम्ही फक्त दर शनिवारी धक्क्यावर काल उभे होतात तसं उभं राहायचं. आणि आपांनी पायऱ्या उतरायच्या. तेवढं हवंच म्हणतात."

मी साहेबांकडे बघितलं. थट्टा नव्हती. त्यांचे डोळे ओले होते. सेके म्हणाले, "शाळा वाढेल, रस्ता होईल. आपा, तुम्हाला करायचं काय आहे? रोजच्यासारखी वाट बघायची."

आपानं चहाचा प्याला खाली ठेवला. मग म्हणाली, "सेयिलखान, येईल असं वाटत होतं तोवर मी वाट बघत होते. येणार नाही हे कळल्यावर ती वाट बघणं कसली? ते नुसतं उभं राहणं. आणि उभं राहिलं की माझे गुडघे दुखतात."

मग ती कुन्सुलूकडे वळली. "सूनबाई, ट्रंक भर. माझ्या गोधड्या वर ठेव, खाली चेपतात."

कुन्सुलू मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. मी म्हणालो, "अगं, हेच तर तुला हवं होतं."

"मला भांडून जायचं होतं," ती म्हणाली. "असं नाही."

बहिणीनं दुसऱ्या खोल्या बघितल्या, आधीच्यांपेक्षा लहान. सामान ट्रकवर चढत असताना सेके आले. चुळबुळत म्हणाले, "आपा, राग मानू नका. साहेबांची पहिली माणसं शनिवारी येताहेत. तो किमेशेक ठेवून जाता का?" आपानं डोक्यावरून काढला आणि घडी घालून त्यांच्या हातात दिला. मागितलेली वस्तू आमच्याकडे नाकारत नाहीत.

ट्रक निघाला तेव्हा धक्क्यावर सेकेंची बायको तो किमेशेक बांधून उभी होती. सेके तिला लांब कसं बघायचं ते शिकवत होते आणि ती वैतागली होती. आपानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं, तिकडे काय बघतेस? तिकडे रेल्वे आहे," ती म्हणाली. "समुद्र या बाजूला होता."